लग्नाच्या पांढऱ्या साडीबद्दल

प्रिय मैत्री,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून कागद घेतला. तुझ्याच पहिलीच्या पुस्तकावर मी अक्षरं शिकले. चुकलं तिथं मास्तरणीनं खुशाल लाल पेन मारावा.

इकडचं सांगते. सोयाबीन निघालं, कापसाची पहिली वेचणी चालू आहे. तुझ्या लग्नाला अठरा दिवस राहिले. गोरं करणारी ट्यूब लावून गाल भाजले, ते पहिल्यासारखे होईस्तोवर लग्न नाही, असं तू कळवलंस. निजामाबादला शाळेतही तोंडाला ओढणी गुंडाळून जातेस म्हणे. पोरं काऊन म्हणून विचारत असतील. डॉक्टर म्हणतात कातडी बरी होईल, पण महिने जातील. घाईनं कणीस पिकत नाही.

हर्षदीप परवा येऊन गेला. जैनथच्या मंडल ऑफिसातला कारकून, होणाऱ्या बायकोबद्दल बोलतानाही अर्ज वाचल्यासारखा बोलतो. "आत्याबाई, तारीख तिनं सांगावी, मी रजा बदलून घेतो," म्हणाला. चहा पिऊन गेला. 

लग्नपत्रिकेच्या फोटोची वेगळीच तऱ्हा. फोटोवाल्यानं तुझं तोंड एवढं उजळलं की तुझे बाबा दुकानातच म्हणाले, "हे कोनाची पोरगी हाय? माही द्या." तो म्हणाला, "अंकल, सबको ग्लो मारता हूं, फ्री है." बाबा म्हणाले, "फुकटात बदलून भेटली तरी मले नाही पाहिजे," आणि फोटो तिथंच टाकून आले. पत्रिका बिनफोटोची छापली. ती अजून वाटली नाही.

घरात सगळे त्या ट्यूबला शिव्या देऊन राह्यले. तुझी आई ट्यूब विकणाऱ्या पार्लरवालीवर घसरते, बाबा मोबाइलवरच्या जाहिरातींवर. मी आपली भाजी निवडत गप्प बसते. शेजारपाजारच्या म्हणतात, सखूबाई किती समजूतदार. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते लिहिते. आदिलाबादच्या दुकानात लग्नाची साडी तुझ्या खांद्यावर टाकून पाहत होतो. आपल्या बौद्धांत नवरी पांढरीच नेसते, त्यात रंगाची निवड नसते. काठ तेवढा तू निळा घेतलास. आरशासमोर खुशीत होतीस. भैंशाच्या जिनिंगमध्ये मी बावीस वर्षं कापूस निवडला. अळीनं खाल्लेलं, काळपट पडलेलं बोंड म्हणजे कवडी. ती दिसली की काढून फेकायची. माझ्या तोंडून निघून गेलं, "कापसात कवडी पडली वं माय!" दुकानातल्या साऱ्या बाया हसल्या. तूही हसलीस. दुसऱ्याच दिवशी तू ती ट्यूब आणलीस. हे तू कोणाला सांगितलं नाहीस, मीही नाही. थट्टा होती, हे खरं. पण घडीभर मी तुझ्याकडं बोंडाकडं पाहावं तसं पाहिलं, हेही खरं. इथवर लिहून हे पत्र मी आधी तुझ्या आईबापाला वाचून दाखवलं. तुझी आई तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. बरोबरच आहे तिचं. लग्न कधी, करायचं की नाही, ते तू ठरव. मी माफी मागते, पण ती द्यायची घाई करू नकोस. एवढंच कर, वाचून झालं असेल तर दार उघड. हे पत्र घेऊन आलेले तुझे बाबा बाहेर उभे आहेत, आणि त्यांनी तुला कधी काही म्हटलेलं नाही.

तुझीच,
सखूआत्या