चेन एक दात अलीकडे

बाबा, आज सकाळी तुमच्या नातीने तुमची वही काढली आणि तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. शहापूरचं आपलं गॅरेज आता ती माझ्याबरोबर चालवते. कामात जेवायचं विसरते, तेवढं तुमच्यावर गेलंय. स्वतःच्या मोटरसायकलला तिने वॉल्व उघडमीट करणारा जोरकस कॅम आणलाय. गाडी पळायला हवी, आणि पंपावरच्या साध्या पेट्रोलवर चालायलाही हवी. त्यासाठी सिलिंडरचं हेड किती घासायचं ते ठरवायला तिला तुमचा जुना आकडा हवा होता.

तो आकडा निघाला तो दिवस मला लख्ख आठवतो. मुरबाडच्या भातगिरणीवाल्याच्या मोटरसायकलचं इंजिन बाकावर आहे. मी प्लगच्या भोकातून सिरिंजने तेल सोडून पिस्टनच्या वरची जागा मोजलीय, भागाकार केलाय आणि कॉम्प्रेशन, म्हणजे आतली हवा किती पट दाबली जाते ते, अकरा आलं म्हणून छाती फुगवून उभा आहे. तुम्ही चष्म्यावरून बघता. "वॉल्व मिटतो कधी ते बघितलंस का? तो उघडा हाय तवर पिस्टन नुसती हवा मागं ढकलतो. दाब मिटल्यावर सुरू व्हतो रे." मग क्रँकवर अंश कोरलेली पत्र्याची चकती लावून तुम्ही दाखवलंत, की पिस्टन तळातून वर निघाल्यावर पासष्ट अंशांनी वॉल्व मिटतो. तिथून वरचाच स्ट्रोक धरला तर खरा आकडा पावणेनऊ. तेवढ्यावर थांबाल तर तुम्ही कसले! आईच्या परातीतून भाकरीच्या उकडीचा सुपारीएवढा गोळा उचललात, पिस्टनवर थापलात, हेड बसवून क्रँक हाताने फिरवलीत आणि परत उघडून ब्लेडने कापून पाहिलंत, वॉल्व पिस्टनला लागत तर नाही ना. आई आतून बडबडत होती, की या घरात माणसांच्या आधी इंजिनं जेवतात.

दोन दिवसांनी चेन ताणून धरणाऱ्या टेन्शनरपाशी तेल झिरपायला लागलं. तुम्ही लग्नाला गेला होतात. मी गॅस्केट बदललं, त्यात कॅमवरची चेन सुटली आणि ती मी अंदाजाने बसवली. इंजिन पहिल्या किकला चालू झालं, म्हणून खुणा ताडून बघायचे कष्ट घेतले नाहीत. गिरणीवाला डबलसीट म्हशाच्या जत्रेला निघाला आणि किन्हवलीच्या पुढच्या चढाला पिस्टनला भोक पडलं. गाडी टेम्पोतून परत आली. तुम्ही आत कपडे बदलत होतात, तेवढ्यात मी कव्हर उघडलं. चेन एक दात अलीकडे बसली होती. वॉल्व वीस-बावीस अंश आधी मिटत होता आणि तुमच्या पावणेनऊचे दहा झाले होते; साध्या पेट्रोलला ते झेपलं नव्हतं. तुम्ही बाहेर येईपर्यंत मी ती गुपचूप खुणेवर आणून ठेवली.

"तू मधी उघडलं व्हतंस का?"

"नाय, बाबा."

तुम्ही तीनदा मोजलंत. तीनदा पावणेनऊच आलं. मग वहीतल्या आकड्यावर आडवी काट मारलीत. "माजंच माप चुकलं रे. आता असल्या कामाला हात नाय लावायचा." त्यानंतर शेवटपर्यंत ब्रेक, क्लच आणि ऑइल बदलणं, एवढंच केलंत. आलेली मोठी कामं नाशिक हायवेवरच्या दुसऱ्या मिस्त्रीकडे पाठवताना तुमचा चेहरा मी रोज बघत होतो. मला माझी लाज वाटते, बाबा. तेव्हाही वाटत होती.

आज पोरीने मोबाइलवर सगळं परत मांडलं. "पप्पा, आजोबांचा आकडा बरोबर येतोय. मग काट कशाला मारली त्यांनी?" मी म्हटलं, पेट्रोल भेसळीचं असेल. तिने काट मारलेल्या आकड्यावर बोट ठेवलं. "तरी मी सव्वाआठच धरते. आजोबांना स्वतःलाच भरवसा नव्हता."

हे मी तुमच्याच वहीच्या मागच्या कोऱ्या पानावर लिहितोय. ती पिस्टनवर लावायला उकड आणायला आत गेलीय. मी दर ओळीला दाराकडे बघतोय. आकड्यावरची काट माझ्या चुकीची आहे, एवढं एक वाक्य तिच्यासाठी लिहून वही उघडी ठेवली तरी पुरे.

तिची पावलं वाजली, बाबा. पान फाडून खिशात घालतोय.