तिसरं नाव माझं

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार (उजवा गुडघा वाकत नसल्यामुळे तूर्त उभ्या उभ्याच समजून घे, कारण ओघात येईल). तुझी पाठदुखी, भाऊजींचा खोकला आणि गच्चीतली झाडं या तिन्हींची खुशाली सविस्तर कळव. इकडे आम्ही सगळे मजेत आहोत. 'सगळे' असं लिहून मी दोन मिनिटं थांबलो. 'बाकीचे' असं वाच.

सोमवारी मधल्या सुट्टीनंतर मी नववीच्या वर्गावर भूगोल शिकवायला गेलो, तर आत मारामारी चाललेली. एक बांबू (हे नाव मीच एकदा त्याची उंची बघून चुकून उच्चारलं आणि ते चिकटलं, डायरीत त्याबद्दल तीन पानं खंत आहे) आणि दुसरा टाचणी, अंगाने लहान पण टोचायला कायम तयार. टाचणीने वडिलांबरोबर आठ दिवस खपून कागदाच्या लगद्याचं नदीचं खोरं करून आणलं होतं, उपनद्यांसकट. बांबू मागे न बघता त्याच्यावर बसला. खोऱ्याचं मैदान झालं. तो मुद्दाम बसला की कसं, हे मला अजून कळलेलं नाही. बहुधा त्यालाही नसावं.

आता अशा वेळी शिक्षकाने काय करावं, याचं आम्हाला दोन तासांचं प्रशिक्षण झालेलं आहे. आधी बघ्यांना बाहेर काढावं, भांडणाऱ्यांना नावाने, ठाम पण शांत आवाजात हाक मारावी, दुसऱ्या शिक्षकाला बोलवावं, आणि एकट्याने एकालाच धरून ठेवू नये. हे आज मला घडाघडा म्हणता येतं. त्या क्षणी मात्र प्रशिक्षणातलं एवढंच आठवलं, की तिथले पंखे बंद होते. मी "अरे, अरे, अरे" करत धावलो (दोघांपैकी एकाचंही नाव 'अरे' नाही), बाकावर गुडघा आपटला, आणि जो मोठा दिसला त्याचे दोन्ही हात मागून घट्ट धरले. भांडणात मोठ्याला धरावं हा न्याय मला लहानपणापासून पटलेला आहे. धाकटा असल्याचा परिणाम. पण ताई, याचा अर्थ लक्षात येतोय ना? बांबूचे हात माझ्या ताब्यात, टाचणीचे मोकळे. त्याने तेवढ्यात दोन ठेवून दिल्या. बांबूचा ओठ फुटला. त्याने मान वळवून माझ्याकडे पाहिलं, रागाने नाही; न शिकवलेला प्रश्न परीक्षेत आला की मुलं बघतात, तसं.

शिक्षकांच्या खोलीत मग ज्याने त्याने आपापलं औषध सांगितलं. खेळाच्या सरांचं एकच, मैदानाला दहा फेऱ्या. गणिताच्या बाई फळ्यावर डस्टर आपटतात, म्हणे पोरं दचकून थांबतात. चित्रकलेचे सर अशा वेळी जिन्यातच थांबतात. "आपोआप दमतात हो," असं ते म्हणाले, आणि वीस वर्षांच्या नोकरीत त्यांना एक ओरखडा नाही, हेही खरं. मी कोणाशी वाद न घालता घटनांच्या नोंदवहीत अहवाल लिहायला बसलो. 'मारामारीत सहभागी' या रकान्यात दोन नावं लिहिली आणि पेन अडलं. ओठ कोणामुळे फुटला? निम्मा तरी माझ्यामुळे. मग तिसरं नाव माझं लिहिलं. पूर्ण, पदवीसकट.

दुसऱ्या दिवशी मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी बोलावलं.

"सर, हे तिसरं कोण?"

"मीच."

"तुम्ही कोणाच्या बाजूने होतात?"

"निकाल बघता, टाचणीच्या."

"फार प्रामाणिक आहात हो," बाई म्हणाल्या. (एखाद्याला 'फार ताप आहे हो' म्हणावं, तो सूर.) मग त्यांनी नियम दाखवला. दोन नावं असली तर प्रकरण वर्गातच मिटतं. तीन झाली की ती सामूहिक मारामारी, आणि विद्यार्थ्यांना आठवडाभर घरी बसवायचं. पुढच्या आठवड्यात चाचणी परीक्षा आहे. म्हणजे माझ्या सचोटीपायी दोन पोरं नापास. मी घाईघाईने म्हणालो, "माझं नाव खोडतो." तर म्हणाल्या, "नोंदवहीत खाडाखोड चालत नाही. हा नियम गेल्या वर्षी तुम्हीच घालायला लावलात." (लावला होता. अधोरेखितही केला होता.)

आता एकच वाट उरली आहे. गुरुवारी सुनावणी आहे. तिथे सहभागी असलेल्या प्रत्येकाने घरचं मोठं माणूस आणायचं, एकमेकांची माफी मागायची, मग शिक्षा मागे घेता येते. कोणाही एकाचं माणूस आलं नाही, तर सुनावणी रद्द आणि शिक्षा कायम.

असो. पत्र लिहायला तसं विशेष कारण नाही, खुशाली कळावी एवढाच हेतू. भाऊजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. – गुरुवारी सकाळी अकराला येशील का? सहभागी प्रत्येकाने म्हणजे मीसुद्धा. मी सत्तेचाळीस वर्षांचा आहे हे बाईंना सांगून पाहिलं. त्या म्हणाल्या, नाव लिहिलंय ना? हिला विचारलं तर म्हणते, मी तुमच्याहून लहान, आणि आले तरी त्या पोरांच्याच बाजूने बोलेन. आई गेल्यापासून घरात मोठी तूच. येऊन माझ्याबद्दल चार चांगले शब्द बोल.

ता. क. २ – पत्र शिपायाबरोबर हातोहात पाठवायला पाकिटात घातलं होतं, ते परत काढलं. आज शाळा सुटताना बांबू भेटला. "सर, तुमच्याकडून कोण येणार?" "माझी ताई." "मारते का?" मी म्हटलं, "आता नाही." तो म्हणाला, "माझे काका येणार आहेत. ते अजून मारतात." बसचा नंबर सांगावा तसं म्हणाला. तेव्हा चांगल्या शब्दांचं राहू दे. त्याचे हात मी धरले होते हे मी सगळ्यांसमोर सांगणारच आहे, पण मास्तरचं बोलणं काका फाटकापर्यंतच ऐकतील. तू मला पट्टीने मारलं होतंस आणि मग दोन दिवस जेवली नव्हतीस, ते त्यांना सांग. माझ्या शेजारी बसू नकोस. त्यांच्या शेजारी बस.