आंदणाची सायकल

पोयनाड,
सोमवार, २ डिसेंबर २०२४

चि. मृणालीस,

बाबाचे अनेक आशीर्वाद. आम्ही दोघं खुशाल आहोत. तुझ्या आईचा गुडघा कुरकुरतो, तोंड मात्र ठणठणीत आहे. वाल यंदा बरे उगवलेत. दिपेशरावांना नमस्कार सांग. किंवा राहू दे, सांगू नकोस. हे पत्र तुझ्यापुरतंच आहे. तू फोनवर बोलतेस तेव्हा तुझ्या सासरची सगळी माणसं नेमकी तिथेच भांडी आपटत असतात, म्हणून म्हटलं, चंद्राबाईच्या हाती कागद द्यावा. ती इथे बाजाराला सुकट विकायला येते आणि परत जाताना काशीदला तुमच्याच दारावरून जाते.

तर, सायकल पोचली. नारळाचा टेंपो चालवणाऱ्या रितेशने ती उतरवली तेव्हा मी विचारलं, काय निरोप? म्हणाला, "मना काय म्हायती, काका? ताई बोलली, बाबांकडं दे. बस." आणि गेला निघून. तेवढ्यात तुझी आई भाकरतुकडा घेऊन बाहेर. हँडलवरून ओवाळला, टाकला, चाकांवर पाणी घातलं. मी म्हटलं, "गो, सायकल हाय ती, पोर न्हाय." तर म्हणते, "आंदणाची वस्तू एकटी परत येत न्हाय. मागनं पोर येतंच." चहा गार होईस्तोवर दारात उभी होती. मी तिची भरपूर थट्टा केली. पण खरं सांगू, रस्त्याकडे मीही बघत होतो.

मग तुला फोन लावला, तर तू म्हणालीस, "काही नाही बाबा, चेन उतरते." अगं, चेन उतरते म्हणून कोणी सायकल काशीदहून पोयनाडला धाडतं का? तुमच्या नाक्यावर सायकलवाला आहे. लग्नात फ्रिज, कपाट सगळं दिलं, तरी तू हट्टाने माझी ही जुनी सायकल मागून नेलीस, अंगणवाडीत जायला. तीच परत का पाठवलीस? विचार करून डोकं फिरायची वेळ आली, तेव्हा पाना हातात घेतला.

चेन धडधाकट होती. पायडल मारलं तर ते मोकळंच फिरे, चाक ढिम्म हलेना. म्हणजे मागचं फ्रीव्हील गेलं. मला वाटलं, खाऱ्या वाऱ्याने आतले खटके गंजून धरले असतील, डिझेल पाजलं की सुटतील. जन्म मिठागरात गेलेल्या माणसाला प्रत्येक दुखण्यात मीठच दिसतं. फ्रीव्हीलचं झाकण उघडायला बसलो. त्याचे आटे उलटे असतात हे साफ विसरलो आणि सोडवतोय समजून तास-दोन तास आवळत बसलो. शेवटी सुटलं ते असं, की छर्रे अंगणभर उधळले आणि कोंबड्या दाणे समजून धावल्या. तुझी आई हसून हसून खाली बसली.

आत गंजाचा ठिपका नव्हता, मृणाली. ग्रीस ओलं होतं. तू निगा राखली होतीस. खटके मात्र मोडलेले होते. मग बाहेरून चिखल पुसला. फ्रीव्हीलचे दात झिजलेले नव्हते, एका बाजूने चेपलेले होते, आणि शेजारचे आरे आत वाकलेले. दगड उडाला म्हणावं, तर दगड एकाच जागी पुन्हा पुन्हा लागत नाही. टेंपोत पडली का, ते रितेशला फोन करून विचारलं. "न्हाय काका, उभी बांधून आणली." म्हणजे कोणीतरी ठोकून मोडलेलं.

तुझ्या आईला सांगितलं, मीठ लागलंय. तिने ऐकलं.

दिवाळीत तू म्हणाली होतीस, सीझन सुरू झाला, तुमचं कॉटेज पर्यटकांनी भरलेलं असतं, घरचे म्हणतात अंगणवाडी सोड आणि स्वयंपाकघर बघ. तू हसत सांगितलंस म्हणून मीही हसलो. आता कळत नाही, आपण कशाला हसलो.

अलिबागहून नवीन फ्रीव्हील आणलं. मोडकं काढायला त्याची चावी बाकावरच्या शिकंज्यात आवळली आणि अख्खं चाकच डावीकडे फिरवलं, तेव्हा सुटलं. नवीन हाताने चढवलं. पायडल मारत गेलं की ते आपोआप घट्ट बसतं. आरे सरळ करून बांधापर्यंत चालवून आलो. छान चालते.

पण पुढे काय करू? तू ती दुरुस्तीला पाठवलीस की वाचवायला? की आई म्हणते तसं तू मागून येणार आहेस? एकदा वाटतं मी म्हातारा उगाच सापाला दोरी... नाही, दोरीला साप म्हणतोय. एकदा वाटतं आत्ताच्या आत्ता निघावं. मला भीती वाटते, पोरी. राग कोणावर काढायचा तेही समजत नाही, म्हणून भीतीच वाटते.

गुरुवारी रितेशचा टेंपो काशीदला येतो. मी त्यात बसून येतोय. सायकल आणत नाही. तुझ्या सासऱ्यांना सांगेन, घरचे सुके वाल द्यायला आलो. तुला चारचौघांत काही विचारणार नाही. माझ्याबरोबर निघायचं असेल तर चपला घालून टेंपोशी ये, सामानाचं नंतर बघू. निघायचं नसेल तर चहा दे, पिऊन परत जाईन. रागावणार नाही, सायकल तुझी आहे, तू म्हणशील तेव्हा पोचवीन. पण चहा देताना माझ्याकडे नीट बघ.

गुरुवारी येणारा,
तुझा बाबा