गवाक्षमीमांसा, अंतिम-खरंच-अंतिम

२ जून, सकाळ

आजपासून रोजनिशी. कागदावर, शाईने. यंत्रांवरचा विश्वास उडाला आहे.

कन्येने परगावाहून नवा लॅपटॉप पाठवला. झाकण उघडलं तर पडद्यावर अक्षरं उमटली : नमस्कार, आम्ही तुमच्यासाठी सगळं तयार करत आहोत. 'आम्ही' म्हणजे कोण? या घरात स्वतःबद्दल बहुवचनात बोलायचा अधिकार फक्त सौ.चा आहे. मग नाव विचारलं, ईमेल विचारला, चेहरा कॅमेऱ्यासमोर धरायला सांगितला. मुलगी देताना सासऱ्यांनीसुद्धा इतकी चौकशी केली नव्हती. झाकण बंद केलं.

दुसरी बातमी. सौ.ने मागच्या खोलीचा निकाल लावला. महिनाअखेर ग्रंथ प्रकाशकाच्या हातात पडला, तर माझे तिन्ही जुने संगणक खोलीत राहतील. नाही पडला, तर ते भंगारात आणि खोलीत तिचं कापड बेतायचं टेबल. टेबल सुताराकडे सांगूनही झालं आहे.

मी हसून होकार दिला. ग्रंथ जवळजवळ तयार आहे. सुताराला 'नको' म्हणून कळव असं सुचवणार होतो, पण आतापासून तिचं मन कशाला मोडा.

३ जून

पुढे चरित्रकाराला उपयोग होईल म्हणून तपशील.

ग्रंथाचं नाव 'गवाक्षमीमांसा'; गवाक्ष म्हणजे खिडकी, अर्थात विंडोज. घरगुती संगणकाच्या सिस्टिमांचा साद्यंत इतिहास, डॉसच्या काळ्या पडद्यापासून आजच्या अधःपातापर्यंत. रचना युगांनुसार. प्रकाशक म्हणजे शाळेतल्या संस्कृतच्या वर्गातला माझा बाकमित्र. प्रत्येक वाक्याच्या शेवटी उसासा सोडायचा, म्हणून गुरुजींनी त्याचं नाव 'विसर्ग' ठेवलं. अजूनही सोडतो. हल्ली कारणही असतं.

संगणक तीन. थोरला डॉसवाला, मधला पंचाण्णववाला, धाकटा एक्सपीवाला. ग्रंथ तिघांत विभागला गेला आहे, एकत्र कुटुंबातल्या जमिनीसारखा. कुणाकडे नेमकं किती, ते बघायला हवं.

डॉस म्हणजे कृतयुग. काळा पडदा आणि त्यावर लुकलुकणारी एक रेघ. काय तिची शालीनता! विचारायची नाही, सुचवायची नाही. आपण बोलावं, तिने ऐकावं. चुकलं तर 'बॅड कमांड' म्हणायची आणि विषय संपवायची. आताची सिस्टिम चूक झाली की माफी मागते आणि काहीच करत नाही. पत्रकार परिषदेला बसल्यासारखं वाटतं.

पंचाण्णव हे त्रेतायुग. चालू होताना सूर वाजायचे. कन्या तेव्हा रांगत होती, ते ऐकून टाळ्या पिटायची. एक्सपी हे द्वापर. हिरवी टेकडी, वर निळं आकाश. त्या टेकडीकडे बघत मी वर्तमानपत्राला कितीतरी बातम्या उशिरा दिल्या.

मग कलियुग. म्हणजे अपडेट.

संकल्प : उद्यापासून पहाटे उठून लेखन.

४ जून

उठलो होतो. पण सौ. मागच्या खोलीच्या दारातच जमिनीवर कापड पसरून बसली होती. ओलांडून जाणं बरं दिसलं नसतं. परत निजलो.

६ जून

सौ.ला एका बँडपथकाच्या गणवेशांचं काम मिळालं आहे. सगळ्या घरात लाल कापड. तागे सोफ्यावर, टाचण्या सगळीकडे. जमिनीवर वाकून कापते, उठताना कंबर धरते. म्हटलं, इतकं वाकत जाऊ नकोस. तिने माझ्याकडे पाहिलं. मग तोंडातली टाचणी काढून कापडात खुपसली. काळजी दाखवलेली बायकांना आवडते.

तिचं शिलाईयंत्र आमच्या लग्नातलं. आजवर एकदाही त्याने नवी आवृत्ती मागितलेली नाही. ही तुलना ग्रंथात घ्यावी. (कोणत्या प्रकरणात ते नंतर.)

९ जून

कचेरीत चहाला उपसंपादिका भेटली. पंचविशीची मुलगी, पण वृत्ती जिज्ञासू. नेहमीप्रमाणे डॉसपासून सुरुवात केली ती चहा गार होईपर्यंत. ती वहीत टिपून घेत होती. अशी श्रोती दुर्मीळ. मध्येच म्हणाली की तीसुद्धा या विषयावर काहीतरी लिहिते आहे. मी म्हटलं, जरूर लिही, आणि फ्लॉपीकडे वळलो.

१० जून

थोरला लावला. पंखा गुरगुरला, जळका वास आला, आणि त्याने मान टाकली. मधल्याचा पडदा उजळलाच नाही. धाकटा सुरू झाला, टेकडी दिसली. माझे डोळे भरून आले तोवर तोही गेला.

तिघांनी एका दिवशी साथ सोडली. याला योगायोग म्हणायला मन तयार होत नाही.

११ जून

संगणक दुरुस्तीच्या दुकानात. दुकानवाल्या बाई मोठ्या घाईच्या. तिन्ही डिस्का काढल्या, मजकूर एका पेनड्राइव्हवर उतरवून दिला. म्हणाल्या, यांतली दोन यंत्रं बंद पडून दहाएक वर्षं तरी झाली असतील. मी सांगितलं की मी रोज त्यांच्यासमोर बसतो. त्या म्हणाल्या, बसायला चालू असावी लागतात असं नाही. धुळीवरून अंदाज बांधायची ही पद्धत अशास्त्रीय आहे.

पण ग्रंथ हाती आला. फायलींची नावं वाचूनच ऊर भरून आला : गवाक्षमीमांसा-अंतिम. गवाक्षमीमांसा-अंतिम-नवी. गवाक्षमीमांसा-अंतिम-खरंच-अंतिम.

संध्याकाळी विसर्गाचा फोन. हंगामाची यादी महिनाअखेर बंद होते आहे, निदान पहिलं प्रकरण दे, म्हणाला. म्हटलं, एक प्रकरण कशाला, सगळंच देतो. बराच वेळ नुसता उसासा ऐकू येत होता. आनंदाचा असावा.

१३ जून

विश्वासघात.

फायली लॅपटॉपवर उघडल्या. एक अक्षर मराठी नाही. ए-वर टोपी, ई-वर दोन टिंबं, मध्येच पौंडाचं चिन्ह, मग एकदम उलटं प्रश्नचिन्ह. माझं मराठी परदेशी जाऊन नाव बदलून परत आल्यासारखं.

सौ.ला बोलावून दाखवलं. तिने चष्मा लावून नीट वाचलं. म्हणाली, तुमच्या ग्रंथातलं तुम्हाला आणि मला सारखंच कळतंय असं पहिल्यांदाच होतंय.

१४ जून

कन्येला फोन. तिचं म्हणणं, फाइल धडधाकट आहे, फक्त फॉन्ट जुना आहे. तेव्हा प्रत्येक कंपनीचा फॉन्ट आपापल्या मनाने चालायचा, नव्या सिस्टिमला ती भाषा कळत नाही. येत्या आठवड्यात इकडे येणारच आहे, तेव्हा बदलून देईन म्हणाली.

म्हटलं, म्हणजे दोष सिस्टिमचाच ना? ती म्हणाली, बाबा, तसं समजा हवं तर. लेखी हवं होतं, पण असो.

१७ जून

लेखन स्थगित. जुनं वाचता येत नसताना नवं कसं लिहिणार? सलगता जाईल. हा वेळ चिंतनात घालवतो आहे. सोफ्यावर तागे असल्याने चिंतन पलंगावर.

सौ.ने मागच्या खोलीत टेप नेऊन मापं घेतली. कशाची ते विचारलं नाही. डिवचल्यासारखं झालं असतं.

२१ जून

कन्या आली. पेनड्राइव्ह घेऊन बसली, काहीतरी चिकटवलं, काहीतरी दाबलं, आणि पडद्यावर माझं मराठी घडाघडा परत आलं. काना, मात्रा, वेलांटी, सगळं शाबूत. मी तिथून उठलो. अशा क्षणी माणसाने एकटं असावं.

परत आलो तर कन्येने तिन्ही फायली घरच्या ग्रुपवर टाकलेल्या, विसर्गालाही पाठवलेल्या. तुमचे कष्ट वाचवले बाबा, म्हणाली. पोटच्या मुलीकडून हे!

सौ.ने फोन उचलला आणि गुडघ्यावर लाल बाही ठेवून मोठ्याने वाचायला सुरुवात केली.

थोरल्यावरची फाइल : "प्रस्तावना. कचेरीतून टंकयंत्र गेले. त्याच्या टकटकीत प्राण होता. त्याजागी हा काळा पडदा आला. त्यावर लुकलुकणारी ही उद्धट रेघ माझी अहोरात्र टवाळी करते."

कन्या म्हणाली, पुढचं वाच ना. सौ. म्हणाली, पुढे आभार आहेत.

मधल्यावरची फाइल : "प्रस्तावना. काळा पडदा गेला. काय त्याची शालीनता! त्याजागी ही पंचाण्णव नामक चित्रांची अंकलिपी आली. सुरू होताना वाजते ते ऐकून बाळ दचकून रडते."

कन्येने माझ्याकडे पाहिलं. म्हटलं, अधूनमधून टाळ्याही पिटायचीस.

धाकट्यावरची फाइल : "प्रस्तावना. पंचाण्णवची सात्त्विकता लोपली. आता ही हिरवी टेकडी. खतांच्या जाहिरातीसमोर बसून शास्त्रीय लेखन कसे व्हावे?"

तिन्हींत पहिलं प्रकरण नाही. दुसरंही नाही. हे सौ.ने दोनदा वरखाली करून पाहिलं.

मग आभार वाचले. तिन्हींत शब्दशः तेच निघाले. (उत्तम वाक्य पुन्हा लिहू नये, उतरवून घ्यावं, हा माझा नियम.) "ही खोली खरे तर माझ्या पत्नीची. शिलाईसाठी म्हणून तिने ती मागितली होती. ग्रंथ पूर्ण होईपर्यंत तिने ती मला वापरायला दिली, याबद्दल मी तिचा ऋणी आहे."

बाही तिच्या गुडघ्यावरून घसरली. ती तिने उचलली नाही.

"मी विसरूनच गेले होते," ती म्हणाली. "तुम्ही लिहून ठेवलंत, बरं केलंत."

कन्या चहा करते म्हणून उठली. आमच्या घरी ती चहा करत नाही.

२२ जून

शांतपणे विचार केला. मूळ मजकुरात प्रकरणं होती. फॉन्ट बदलताना गळली असणार. नकला उतरवताना मूळ पाठाचं काय होतं ते आम्ही संस्कृत शिकलेली माणसं जाणतो. इथे तर काम यंत्राने केलं. 'उद्धट' हा शब्द माझा नव्हेच.

कन्येला हे सांगितलं. ती म्हणाली, बाबा, आईची कंबर बघितलीत का? विषयांतर करायची हिला आईची सवय आहे.

२३ जून

कन्या परत गेली. सौ. माझ्याशी नेहमीसारखीच बोलते. हे जास्त त्रासदायक.

२४ जून

संकल्प : महिनाअखेरपर्यंत सगळी प्रकरणं आठवणीने पुन्हा लिहिणे. आपल्या पूर्वजांनी सगळं मुखोद्गतच ठेवलं होतं.

२५ जून

आठवत नाही. म्हणजे नक्कीच लिहिली होती. लिहिलेलंच माणूस विसरतो.

२७ जून

विसर्गाचा फोन. प्रस्तावना फार आवडल्या म्हणाला. तिन्ही. मग उसासा. मग विचारलं, यांच्यामागचा ग्रंथ कुणाचा आहे?

तो पुढे म्हणाला की त्याच्याकडे याच विषयावरचं एक पुस्तक आलं आहे, अगदी पूर्ण, आधीच छपाईला निघालेलं. लेखिका माझ्याच कचेरीतली उपसंपादिका. गेलं वर्षभर चहाच्या वेळी ऐकलेल्या माझ्या आठवणींवरून सुचलं, असं तिने त्याला सांगितलं. पुस्तकाला फक्त प्रस्तावना नाही. तिचा आग्रह आहे की ती मीच लिहावी. विसर्ग म्हणाला, "अरे, या कामात तुझ्याइतका अनुभव कुणाला आहे?"

फोन ठेवला. माझं अख्खं कृतयुग एका कप चहावर गेलं.

सौ.ला सांगितलं. तिने सुईत दोरा ओवता ओवता विचारलं, त्या मुलीने पुस्तक कुठे बसून लिहिलं? म्हटलं, कचेरीतच, जेवणाच्या सुट्टीत. तिने दोऱ्याचं टोक दाताने तोडलं.

३० जून

भंगारवाला आला. थोरल्याला मीच उचलून खाली नेलं. वजन अजून तेवढंच आहे. मधल्याचा कीबोर्ड ठेवून घेणार होतो, पण सौ.ने तो आधीच पुसून पिशवीत घातला होता. माझ्यासाठी म्हणून. मी तो तसाच देऊन टाकला. उपकार नकोत.

दुपारी सुताराने टेबल आणलं. मागच्या खोलीत चपखल बसलं. सौ. त्याच्यासमोर ताठ उभी राहिली, लाल कापड पसरलं, आणि एकदाही न वाकता अख्खा कोट कापला. मी दारात उभा होतो. म्हणाली, उजेडात उभे राहू नका.

विसर्गाला होकार कळवला. विषय माझाच असल्याने एका अर्थी ग्रंथही माझाच.

४ जुलै

जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडला. प्रस्तावनेला हात घालणार तोच अंघोळीला गेलो. परत येईतो त्याने स्वतःला अपडेट करून घेतलं होतं. कुणाला न विचारता. पडदा वेगळा, खुणा वेगळ्या, रंग रूक्ष. आणि तो नमस्कारही गेला. आम्ही तुमच्यासाठी सगळं तयार करत आहोत, असं ती सिस्टिम किती आपुलकीने म्हणायची. घरात कुणीतरी आपल्या बाजूचं आहे असं वाटायचं.

बसलो आणि पहिलं वाक्य लिहिलं : "प्रस्तावना. कालपर्यंत जी सिस्टिम होती, तिच्यात एक शालीनता होती."

पुढचं सुचेना. आतून शिलाईयंत्राचा आवाज येत होता. तो थांबला आणि सौ.ने विचारलं, जेवणाचं टेबल कधी मोकळं होणार. म्हटलं, प्रस्तावना पूर्ण झाली की लगेच.

थोड्या वेळाने तिने मला मागच्या खोलीतच जेवायला बोलावलं. कापडं एका बाजूला सारून तिने बेतायच्या टेबलावर ताटं मांडली होती. उंची चांगली आहे. बसायच्या आधी तिने खडू घेतला आणि माझ्या ताटाभोवती चौकट आखली. एवढी जागा तुमची, म्हणाली.

पांढरी रेघ. लुकलुकत मात्र नव्हती.