गेजला लावलेलं तेल

अव्वा, आज खंडेनवमी. अप्पांचं ते गॅसचा दाब दाखवणारं जुनं पितळी गेज पूजेत मांडलंय. सूनबाई त्याला लावायला तेलाची वाटी घेऊन आली आणि मी "थांब!" म्हणून इतकी ओरडले की ती बिचारी दचकली. तिला जवळ बसवून कारण सांगितलं. तुला मात्र ते कुणीच सांगितलं नाही.

महायुद्ध संपल्यावर सिकंदराबादला लष्कराचं भंगार विकायला निघालं. तिथून अप्पा दोन रेग्युलेटर, फुटक्या काचांची गेजं आणि लोखंड सांधायची एक गॅसची टॉर्च भालकीला घेऊन आले. एक रेग्युलेटर ऑक्सिजनच्या नळकांड्याचा, दुसरा कार्बाइडच्या गॅसचा. उसाच्या चरकाला तडा गेला की तो हैदराबादला धाडावा लागे. तो आपल्याच लोहारकीच्या छपराखाली सांधायचा, एवढंच वेड त्यांच्या डोक्यात. कित्येक दिवस ते जोडांत बसवायचे चामड्याचे वायसर कापत बसले होते. मी दसऱ्याला उदगीरहून माहेरी आले तर तूही त्यांच्याजवळ बसलेली. गळती शोधायला तू रिठ्याचा फेस करून द्यायचीस. "बुडबुडं यायलेत का बघ गं," असं ते म्हणतात आणि तू जोडाजवळ वाकून सांगतेस, "हितं बघा, हितं फुगायलंय!" तुम्हा दोघांना एवढं हसताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. नंतरही नाही.

नवमीला टॉर्च पहिल्यांदा पेटणार होती, शेजारपाजारचे जमले होते. तू दरवर्षीसारखी घण, ऐरण, सांडशी पुसलीस, आणि हौसेनं त्या रेग्युलेटरला आणि गेजांनाही करडईचं तेल चोळून लखलखीत केलंस. अप्पा आले, त्यांनी पाहिलं आणि सगळ्यांसमोर ओरडले, "कुणी हात लावला ह्याला? हो बाजूला! पुन्हा हिकडं पाय ठेवू नको!" आणि घाईघाईनं ते जोड सोडवू लागले. मला तो राग वाटला.

दुपारी चुलीपाशी तू हळूच म्हणालीस, "आज माझी अडचण हाय. पर आपल्यात तर इटाळ पाळत न्हाईत गं. गळ्यात लिंग हाय आपल्या. मग कामून म्हनले तसं?"

दिवाळीनंतर टॉर्च पेटली. निळी ज्योत बघायला सगळी गल्ली आली, तू आली नाहीस. पुढं दर नवमीला पूजेचं ताट तू उंबऱ्यातूनच दुसऱ्याच्या हाती दिलंस, जाईपर्यंत.

तू गेल्यावर बऱ्याच वर्षांनी अप्पा सहज बोलून गेले. ऑक्सिजनला तेल लागलं की भडका उडतो, नळकांड्याची चावी सोडली असती तर तोंड भाजलं असतं, शेजारीही वाचले नसते. "लई भ्यालो होतो त्या दिवशी," म्हणाले. मी विचारलं, अव्वाला सांगितलं का? "तिला कळलं असंल की. न्हाई कळलं व्हय?" मी तुझं चुलीपाशीचं बोलणं सांगितलं. त्या दिवशी ते जेवले नाहीत. मला त्यांची दया आली आणि रागही आला. राग अजून गेला नाही.

तुझ्या हातात काहीही वाईट नव्हतं, अव्वा. तेल होतं, बस्स. हे एक वाक्य तुला जिवंतपणी ऐकायला मिळायला हवं होतं.

हा कागद भस्माच्या डब्याखाली ठेवते, आणखी कुठं धाडणार? एक सांगायचं राहिलं. त्या दुपारी तू माझ्या ताटात पुरणाची होळगी वाढलीस तेव्हा क्षणभर मीही तुझ्या हाताकडे पाहिलं होतं. तू ते पाहिलंस. दुसरी होळगी तू वाढली नाहीस, होळग्यांची परात माझ्याकडे सरकवून म्हणालीस, "तूच घे."