दोन डबे, दोन कुलपं

मोहाडी, रविवार

तीर्थस्वरूप साधनाताईस,

घनश्यामचा नमस्कार. गुडघा कसा आहे? भाऊजींचा खोकला बसला का? (धानाची मळणी चालू असेल तर त्यांना धुळीत उभं राहू देऊ नकोस.) फोनच करणार होतो, पण तू तो स्पीकरवर ठेवतेस आणि उत्तरं अख्खं आंगण देतं. म्हणून हे पत्र, तेही चिकटवून.

गेल्या वर्षी शाळेच्या सहलीत मुलांच्या आजारांची यादी विक्कीने माझ्या हातातून ओढली आणि बसमध्ये मोठ्याने वाचली. प्रतिक्षा अंथरूण ओलं करते हे सगळ्यांना कळलं. आठ दिवस ती शाळेत आली नाही. चूक विक्कीची म्हणून मी सुटत नाही. कागद उघडा मीच धरला होता. यंदा ती केवळ माझ्या शब्दावर आली. म्हणून प्रत्येकाचं, अगदी माझंसुद्धा, वेगळं बंद पाकीट केलं आणि सगळी पाकिटं आईच्या आंदणातल्या दोन जुळ्या डब्यांपैकी एकात घालून कुलूप लावलं. दुसऱ्यात तुला पाठवायचं आंब्याचं लोणचं. त्यालाही त्याच किल्लीचं कुलूप, कारण तुमच्या गावचा धर्मेंद्र डबा नेताना दिघोरीपर्यंत चाखत जातो (मागच्या खेपेला अर्धा डबा म्हणे 'गळला'). सहलीच्या सकाळी एक डबा त्याच्या हाती दिला, दुसरा मी बसमध्ये घेतला.

जंगलात जेवताना गुंजनला गांधीलमाशी चावली. तोंड हां हां म्हणता सुजलं. तिला जवळच्या दवाखान्यात नेलं. तिच्या आईचा फोन लागेना, पोरगी रडण्यापलीकडे काही सांगेना. हिला कोणतं औषध सोसत नाही, असं डॉक्टरीणबाईंनी विचारलं. "सगळी नोंद आहे," मी जरा मिजाशीतच म्हणालो आणि कुलूप काढलं. बाईंनी आधी वास घेतला, मग माझ्याकडे पाहिलं.

"हे जेवणाआधी द्यायचं की नंतर?"

तेवढ्यात आमच्या खिचडीवाल्या सुंदरबाई पुढे आल्या. "बाई, तिले ते सर्दीचं पिवळं औषध नाही चालत. पोळ्याच्या सणाले अंगभर गांधी आल्या होत्या. गुरुजी, मले काहून नाही विचारलं?" बाईंनी त्याच औषधाची भरलेली सुई खाली ठेवली आणि दुसरी भरली. संध्याकाळी गुंजन खिडकीच्या जागेसाठी भांडत होती. मी मात्र अजून त्या पहिल्या सुईकडेच पाहतोय. पाकिटं मी विक्कीपासून लपवली, की डॉक्टरपासून?

येताना प्रतिक्षाने हळूच विचारलं, "गुरुजी, माहं पाकीट कुठं हाये?" मी म्हणालो, "कुलपात." खोटं नाही. पण तेव्हापासून एका जागी बसवत नाही.

भाऊजींना नमस्कार, गुड्डीला आशीर्वाद.

तुझा घनश्याम

ता.क. तुझ्याकडे आलेला डबा लोणच्याचा नाही. किल्ली माझ्याकडे आहे. भाऊजी हातोडी शोधत असतील तर हातोडी लपव. डबा आहे तसा धर्मेंद्रच्याच हाती परत पाठव. (त्याला सांग, आत फक्त कागद आहेत. चाखणार नाही.)

ता.क. २. कुलूप आधीच फुटलं असेल, तर निदान पाकिटं फोडू नकोस. प्रतिक्षाचं तर हातातसुद्धा घेऊ नकोस.

ता.क. ३. एखादं फोडलंच असेल, तर ते माझं असो. त्यातला रक्तदाबाचा आकडा आईला कळवू नकोस. खाली 'लोणचं पूर्ण बंद' असंही लिहिलंय. तरी तू लोणच्याची वाट पाहू नकोस. परतीच्या बसमध्ये काळजीने काही सुचत नव्हतं आणि डबा माझ्याच मांडीवर होता.