मोटारीची ओवाळणी

उंब्रज, १२ डिसेंबर १९४८

ती. स्वरूप स्वारीस, शिरसाष्टांग नमस्कार.

नैरोबीहून तुमच्या नव्या मोटारीचा फोटो पोचला. परमुलखात पाच वर्षांत मोटार झाली, अंबाबाईची कृपा. पुढं कुंकवाचं स्वस्तिक आहे अन् तुम्ही एकटेच उभे आहात. फोटोची उजवी कड कात्रीनं कापलीत, पण निरांजनाचं ताट धरलेली चार बोटं अन् बांगड्या राहून गेल्या.

तुमच्या आईंना हल्ली अंधुक दिसतं; कापलेली कड दिसली नाही, ताट तेवढं दिसलं. म्हणाल्या, “आगं, घरच्या सवाष्णीबिगर मोटार ओवाळली कुणी?”

“शेजारीण असेल, आत्याबाई.”

“लय गुणाची बाई! तिला ओवाळणी धाडाया पायजे, न्हाईतर आपलीच नाचक्की.”

अन् त्यांनी पेटीतलं इरकली लुगडं काढलं. तुम्ही मला तिकडं न्याल त्या दिवशी नेसायला म्हणून त्यांनीच ते ठेवलं होतं.

मी नको म्हटलं नाही. त्यांनी कारण विचारलं असतं. लुगडं पार्सलात शिवलं, सोबत हळदकुंकवाची पुडी ठेवली. वर तुमचंच नाव घातलं आहे. तिचं मला ठाऊक नाही.

हा कागद मात्र पोथीतच राहील.

आत्याबाईंची सून,
अनसूया